कोपऱ्यातली हवा

खाणीच्या ऑफिसात तिला सगळे 'हवावाली' म्हणत. जमिनीखाली कुठल्या बोगद्यात किती वारा जाईल, पंखा किती जोरात फिरवावा, सुरुंग उडवल्यावर किती मिनिटांनी माणसं आत सोडावीत, हे ती वर बसून कॉम्प्युटरवर ठरवायची. बारा वर्षांत तिचा आकडा चुकला नव्हता.

ताईचा नवरा त्याच खाणीत लोडर चालवायचा. डबा खाताना भाऊजी सगळ्यांना ऐकवायचे, "आमच्या घरी शब्द बायकोचा आणि श्वास मेहुणीचा. आपल्या हातात काय, तर घास." आणि विषारी वायू आला की वाजणारं गळ्यातलं गॅस मीटर काढून डब्याच्या पिशवीत टाकायचे. मानेला टोचतं म्हणे. मेहुणीने आकडा काढलाय म्हटल्यावर मीटर कशाला? तिने दोनदा दटावलं होतं. पण मनातून तिला ते आवडायचं.

खाणीत खोदलेलं नवं दालन एवढं मोठं होतं, की आत दहा मजली इमारत उभी राहिली असती. सॉफ्टवेअरमध्ये बोगदा म्हणजे एक रेघ. तिने दालनही रेघच काढली, फक्त जाड. रेघेत हवा एकीकडून शिरते, दुसरीकडून निघते आणि वाटेतली सगळी जागा धुऊन काढते. एवढ्या मोठ्या दालनात तसं होईलच असं नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यासाठी कानाकोपरा धरून वेगळं मॉडेल करावं लागतं आणि ते चालायला तीन दिवस घेतं. मॅनेजरला दालन सोमवारी हवं होतं. तिने रेघेवर भागवलं आणि लिहून दिलं: चाळीस मिनिटं.

मंगळवारी म्हातारा मुकादम वर आला. काचेच्या नळीतून पांढरा धूर सोडून तो वारा बघायचा. बूट चिखलाचे म्हणून दारातच थांबला.

"बाई, डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात धूर सोडला. उभाच राहिला, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा."

ती हसली. नळीने वारा बघायचे दिवस गेले, असं काहीतरी बोलली. मुकादमाने मान डोलावली आणि गेला.

बुधवारी सुरुंग उडाला. पंचेचाळिसाव्या मिनिटाला भाऊजी लोडर घेऊन त्या कोपऱ्यात शिरले. सुरुंगानंतर मागे राहणाऱ्या विषारी वायूला ना रंग, ना वास. माणसं पोहोचली तेव्हा इंजिन चालू होतं आणि ते स्टिअरिंगवर मान टाकून बसले होते.

मॅनेजरने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मीटर पिशवीत सापडलं, म्हणजे त्यांचाच निष्काळजीपणा उघड आहे, चौकशीत तुझ्या आकड्याबद्दल कोणी विचारणारही नाही, असं समजावलं. मेलेला माणूस वाद घालायला येत नाही, हे त्याला बरं ठाऊक होतं. तीही गप्प बसली.

ताई रडायची कमी, भांडायचीच जास्त. भाऊजींच्या शर्टांच्या घड्या मोडायची, पुन्हा घालायची आणि शर्टांनाच विचारायची, एवढंसं मीटर, ते जड झालं का तुम्हाला? चौदा वर्षांची लेक ऐकत राहायची. एक दिवस तीही म्हणाली, "मावशी, बाबांचीच चूक होती ना?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने ते कानाकोपऱ्याचं मोठं मॉडेल लावलं. तीन दिवसांनी चित्र उमटलं. हवा छताखालून, उजव्या भिंतीला चिकटून सरळ बाहेर जात होती. डावीकडचा मागचा कोपरा तसाच काळा. तिथला वायू निघायला पावणेतीन तास. मुकादमाने सांगितलेली जागा, वीतभरही इकडेतिकडे नाही.

कागद घेऊन ती ताईकडे गेली. रेघ, चाळीस मिनिटं, मुकादम, काही लपवलं नाही.

"ते म्हातारे सांगायला आले, तेव्हा तू काय केलंस?"

"हसले."

ताईच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "तुझा आकडा ते घरी येऊन मला सांगायचे," ती म्हणाली. "लेकीचे मार्क सांगावेत तसा."

मग आतल्या खोलीकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, "बाबांचं काही चुकलं नव्हतं, ऐकलंस का गं?"

मीटर पिशवीत होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"हा कागद चौकशीत नेऊन दे," ताई म्हणाली. "आणि मग इथे येऊ नकोस."

चौकशीची खोली अकराला उघडायची. ती साडेदहापासूनच दाराशी उभी राहिली, कागद दोन्ही हातांनी धरून.