गिरणीतला लाल

आमचे शेजारी हिंगणघाटच्या गिरणीत, रंगखात्यात होते. नखं कायम निळी, ओठात विडी. माझी नवी साडी दोरीवर दिसली की म्हणत, "काकू, हा रंग दोन धुण्यांत जाईन." अन् जायचाच!

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. एकदा ओशाळून म्हणाले, "लघवी लाल होऊन राह्यली. दुखत काईच नाई."

गल्लीची फुकट डॉक्टरीण मी! म्हटलं, "उन्हाळी लागली असन, नाईतर तुमचा गिरणीचाच रंग. धन्याचं पाणी घ्या."

तांब्या रिकामा करून ते म्हणाले, "गिरणीतला लाल मी ओळखतो, काकू. हा तो नाई." अन् तडक मोठ्या दवाखान्यात गेले.

मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. डॉक्टरांनी विडी अन् रंग, दोन्हींवर बोट ठेवलं.

बरे होऊन आले तेव्हा म्हणाले, "मी विडी सोडली, काकू. तुम्ही आता डॉक्टरकी सोडा."