साहेबाखालचा माणूस

शिरवण्याचा धर्मा वर्षभर रंगारी आणि गणपतीत मंडळाचा कारागीर. यंदा देखाव्यासाठी सेक्रेटरी केयूरनं ब्रिटिश अमदानीतली व्यंगचित्रं निवडली. मोबाइलवर त्यानं एक दाखवलं. हाडकुळ्या रयतेच्या मानेवर बसलेला ढेरपोट्या साहेब, तोंडात चिरूट.

"काका, साहेब बघून पब्लिक हसली पायजे."

साहेबाच्या मिशा, डोळ्यावरची काच, हनुवटीची वळी, सगळं निगुतीनं काढलेलं होतं. खालच्याला नुसत्या बरगड्या. तोंडाच्या जागी दोन रेघा.

"याला तोंडच नाय रं."

"त्याला कोन बघतंय, काका?"

हे धर्माला लागलं. माळ्यावर त्याच्या पोराच्या, निकेशच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा होता. एका वर्षी मावळ्याच्या पुतळ्यासाठी घेतलेला. निकेश गेल्या उन्हाळ्यात कारखान्याची टाकी धुवायला उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. पोरगा मंडळात एकदा उभा राहील, एवढंच धर्माच्या मनात. त्यानं साच्यात कागदाचा लगदा दाबला. सोडवताना साचा दुभंगला, पण चेहरा हुबेहूब आला. तो त्यानं साहेबाखालच्या माणसाला बसवला.

चतुर्थीला त्याची बायको दमयंती आरतीला आली. साहेबाकडे बोट दाखवून लोक हसत होते. तिची नजर खालच्याच्या तोंडावर गेली.

"मेल्यावरपन पोराचे मानंवर वझा ठेवला तुमी?"

"गो, मी तं त्याला..."

"उतरवा त्या साहेबाला."

केयूरनं हात जोडले. "काकी, साहेब उतरवला तर व्यंगचित्र राहतंय कुठं? उद्या परीक्षक येनार."

सकाळी धर्मा स्टुलावर चढला, ओल्या फडक्यानं लगदा सैल केला आणि भिंतीच्या भेगांत लांबी भरायच्या पट्टीनं पोराचा चेहरा खरवडू लागला. आधी नाक, मग ओठ. डोळे त्यानं शेवटी घेतले. दमयंती खाली पदर धरून उभी होती.

परीक्षक खूश झाले. "अगदी मूळ चित्राबरहुकूम," ते म्हणाले.

घरी धर्मानं साच्याची दोन शकलं सुतळीनं आवळली आणि पदरातला लगदा पुन्हा त्यात दाबला. वाळून निघालं ते तोंड कुणाचंच नव्हतं. दमयंतीनं ते निकेशच्या सदऱ्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं.