काळीची फळी

देवळाली कॅम्पातल्या त्या परमिट रूमच्या मालकाला आम्ही नुसतं शेठ म्हणायचो. तो मूळचा घोटीचा. कुणी बिअरमध्ये बर्फ मागितला, की तो सरळ दाराकडे बोट दाखवायचा. "बर्फ पायजे तर समोर रसवंती हाय."

ऐंशी सालच्या आसपास बिअर कंपनीने आमची कडक, काळी बिअर बंद केली. खपत नाही म्हणे! खपवायची अक्कल नव्हती यांना. शेठने उरलेले खोके दगडी तळघरात उतरवले आणि काउंटरमागची तिची फळी रिकामीच ठेवली.

चार-पाच वर्षांनी कंपनीचा माणूस आला. "शेठ, तो माल खराब झाला असेल. परत द्या, बदल्यात नवी हलकी बिअर देतो."

शेठ खाली गेला, धुळीने माखलेली एक बाटली आणून पुसली आणि ग्लास भरून त्याच्यापुढे सरकवला. गुळाच्या पाकासारखा वास आमच्या टेबलापर्यंत आला. त्या माणसाने एक घोट घेतला आणि ग्लास उजेडात धरून पाहिला. दुसऱ्या घोटानंतर हळूच म्हणाला, "घरी न्यायला एक मिळेल?"

"नाय. तुमच्या सायबाला सांगा, पुन्हा बनवा. मग पायजे तेवढी प्या."

पुढे तळघर रिकामं झालं. उरलेली एकच बाटली शेठने त्या फळीवर उभी केली. मी विचारलं, "शेठ, ही शेवटची कधी उघडणार?"

मी बर्फ मागितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"शेवटची? कोण म्हणतो?"