गुडघ्यापर्यंत पाणी

सर्जिकल बॉक्स मी स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, कारण आमचा ड्रेसर जोसेफ दोनदा घसरून पडला होता. तो पुन्हा बॉक्ससकट पडला असता तर आम्ही पुढं जाऊन काही उपयोग नव्हता. आत चाकू, करवत, टाक्यांचा धागा आणि क्लोरोफॉर्मची एकच बाटली होती. ड्रेसर म्हणजे जखमा बांधणारा आणि ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला क्लोरोफॉर्म हुंगवणारा मदतनीस. तो पडलेला चालला असता, बाटली पडलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. मी गोंदियाच्या रेल्वे दवाखान्यात सब-असिस्टंट सर्जन होतो. हुद्द्याचं नाव लांबलचक, पगार आखूड. सकाळी दरेकसाहून तार आली. धबधब्यात एक खलाशी दगडाखाली अडकलाय, पाय कापायच्या तयारीनं या. खलाशी म्हणजे रेल्वेचा हरकाम्या मजूर. मिळाली त्या मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसून आम्ही दरेकसा गाठलं.

स्टेशनवर सुकराम मेट वाट पाहत होता. रुळांची देखभाल करणारी टोळी म्हणजे गँग, आणि तिचा प्रमुख तो मेट. त्याच्या मागून आम्ही जंगलात शिरलो. पावसाळा सरत आला होता, पण बांबूच्या बेटांखाली उजेड कमी आणि चिखल फार. दगडांवर शेवाळ. वाट पुन्हा पुन्हा त्याच नाल्यात उतरत होती, आणि दर वेळी पाणी मघापेक्षा जास्त वाटत होतं. ते खरंच वाढतंय की आपल्याला भीतीनं तसं वाटतंय, हे मला कळेना. सुकरामला विचारायचा धीर झाला नाही.

दुसरंच विचारलं. "माणूस शुद्धीवर आहे का?"

"हाय नं. बोलून राहिला."

"दगड हलवून पाहिला?"

"साऱ्याईनं मिळून पाह्यला. नाई हालत. बोगद्यावरून जॅक आनाले मानसं धाडले."

जॅक म्हणजे स्क्रू फिरवून रूळ उचलायचं लोखंडी यंत्र. भलतं जड, आणि रेल्वेच्या बोगद्यापाशी ठेवलेलं.

"कधी पोचतील?"

सुकरामनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "वाट तं तुमी पाहूनच राहिले, साहेब."

धबधबा दिसायच्या आधी त्याचा आवाज अंगावर आला. समोर काळा कडा, त्यावरून कोसळणारं पाणी आणि खाली डोह. इंजिनांना इथून पाणी नेता येईल का, हे पाहायला सर्व्हेची माणसं आली होती. काठावरचा एक मोठा दगड सुटला तेव्हा त्याच्या वाटेत टेकचंद होता. दवनीवाड्याचा, पंचविशीचा, अंगानं तगडा. उतरत्या खडकावर तो उताणा पडला होता. उजव्या पायाची नडगी दगडाखाली, घोटा पाण्यात. गुडघा कोरडा होता.

असिस्टंट इंजिनियर सान्यालसाहेब त्याच्याजवळ उकिडवे बसले होते. आवाज इतका, की माझ्या कानाला तोंड लावून ते ओरडले, "डॉक्टर, ऊपर बारिश हो रही है. पानी बढ़ रहा है. कट इट!"

कड्याच्या वर आभाळ काळं होतं. डोहाचं पाणी वाहून आलेल्या मातीनं लालसर व्हायला लागलं होतं. म्हणजे नाल्याच्या बाबतीत माझी भीती खरी होती.

मी टेकचंदची नाडी पाहिली. बारीक आणि पळती. चेहरा राखेसारखा. मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं, मांडीला रबरी पट्टा सैल बांधून ठेवला. तो आवळला की पायाचा रक्तपुरवठा थांबतो. मग कापता येतं.

टेकचंदनं तो पट्टा पाहिला आणि माझं मनगट धरलं.

"पाय कायले कापता, डॉक्टरसाहेब? पाय नोका कापू. मी बांधीत कसा उतरू?"

बांधी म्हणजे धानाचं खाचर. चिखलात उभं राहिल्याशिवाय तिथं कुठलंच काम होत नाही.

"पाणी चढतंय," मी म्हणालो.

"मले दिसून राहिलं."

माझ्यापुढचा पेच साध्या शब्दांत सांगतो. नडगी दगडाखाली होती, म्हणून कापायचं तर गुडघ्याच्या वर, मांडीतून. ते टेबलावर, चांगल्या उजेडातसुद्धा जड ऑपरेशन. इथं टेबल नाही, वरून रक्त द्यायची सोय नाही. त्या नाडीवर हा माणूस क्लोरोफॉर्म आणि करवत दोन्ही सोसेल असं मला वाटत नव्हतं. पण थांबावं, तर गुडघ्यावर पाणी आलं की तो मार्गही बंद. गढूळ पाण्याखाली चाकू कुठं चाललाय ते दिसत नाही. त्यानंतर जॅक आला तर आला, नाहीतर तो आमच्या डोळ्यांदेखत बुडणार.

सान्यालसाहेब म्हणाले, "व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

"जॅकसाठी."

"और जॅक नहीं आया तो?"

"जबाबदारी माझी," म्हणालो. हे उत्तर नव्हे, हे मलाही ठाऊक होतं.

त्यांनी मला एक इंग्रजी शिवी दिली. मग ते ओल्या खडकावर टेकचंदच्या डोक्यामागं बसले आणि त्याचं डोकं त्यांनी आपल्या छातीशी घेतलं.

पाणी गुडघ्याला लागलं. जोसेफ बाटली आणि फडकं हातात धरून माझ्याकडं पाहत होता. आता म्हणा, असं त्याची नजर सांगत होती. मी नाही म्हणालो. थोड्या वेळानं गुडघा दिसेनासा झाला.

त्यानंतरचा वेळ मला आजही नीट सांगता येत नाही. त्या आवाजात वाटेवरच्या माणसांची हाक ऐकू येणं शक्य नव्हतं. जॅक वळणावर आहे की अजून बोगद्याजवळ, कळायला मार्ग नाही. मी वाटेकडं पाहायचो, मग पाण्याकडं, मग पुन्हा वाटेकडं. पाणी कमरेवर आलं. टेकचंदला हुडहुडी भरली होती. सान्यालसाहेब त्याच्या कानात काहीतरी सारखं बोलत होते. बंगाली होतं. त्याला त्यातलं काही समजत नसणार, पण तो मान हलवत होता.

बांबूला टांगलेला जॅक घेऊन माणसं आली तेव्हा पाणी टेकचंदच्या छातीला टेकलं होतं. एकाच्या दोन्ही कोपरांतून रक्त वाहत होतं. वाटेत तो जॅकसकट खाली गेला होता. सुकराम गळाभर पाण्यात शिरला आणि पायानं चाचपून, मग बुडी मारून त्यानं जॅक दगडाखाली बसवला. स्क्रू फिरला, दगड हलला आणि जॅक निसटला. टेकचंद असा ओरडला की त्या आवाजातही ऐकू आलं.

सुकराम वर आला, श्वास घेतला. "पाट द्या, लाकडाचा!"

सर्व्हेवाल्यांच्या सामानातली फळी जॅकखाली गेली. पुन्हा स्क्रू. या वेळी पाणी टेकचंदच्या हनुवटीला होतं आणि सान्यालसाहेब त्याचं तोंड दोन्ही हातांनी वर धरून होते. दगड वीतभर उचलला गेला. आम्ही सगळ्यांनी ओढलं. टेकचंद सुटून आमच्या अंगावर आला, पायासकट.

बांबूच्या डोलीतून त्याला स्टेशनवर आणलं आणि पहिल्या गाडीनं गोंदियाला नेलं.

पाऊल वाचलं नाही. हाडाचा चुरा झाला होता, रक्तवाहिन्या चेंगरल्या होत्या. बोटं काळी पडायला लागली तेव्हा मी त्याच्या खाटेजवळ बसून सांगितलं.

त्यानं पांघरूण बाजूला करून पाय पाहिला. मग म्हणाला, "मंग तवाच काऊन नाई कापला?"

"तेव्हा मांडीतून गेला असता. बहुतेक तूही गेला असतास. आता गुडघा राहील. त्याखाली लाकडी पाय बसतो."

"बांधीत उतरता येईन?"

"नाही. शेताच्या धुऱ्यावरून, कडेकडेनं चालता येईल."

त्यानं डोळे मिटले. "कापा मंग."

जखम चांगली भरली. सान्यालसाहेबांनी खटपट करून त्याला रेल्वे फाटकावर गेटमनची नोकरी मिळवून दिली. त्याच्या वाट्याचं शेत भावानं केलं. फाटकावरून जाताना मी गाडीतून हात केला की तो हिरवा झेंडा जरा जास्तच हलवायचा.

दवाखान्यात पुढं कितीतरी वर्षं माझी ही हकीकत नवीन डॉक्टरांना सांगितली जायची. साहेबांनी धीर धरला म्हणून माणूस वाचला, असं. मी ती सांगताना तसं सांगत नाही. तो कोपरं सोललेला माणूस वाटेत आणखी एकदा पडला असता, तर याच धीरानं मी एकाला बुडवलं असतं, आणि चौकशीत तो धीर नव्हे, हलगर्जीपणा ठरला असता. निकाल चांगला लागला एवढ्यावरून निर्णय शहाणपणाचा होता, असं मला कधी वाटलं नाही. त्या वेळी दोन वाईट गोष्टी समोर होत्या. त्यातली कमी वाईट कुठली, हे मी अंदाजानं ठरवलं. आमच्या धंद्यात पुष्कळदा एवढंच हाती असतं.