न दिसणारं रफू

सेलिना ड्रान्सफील्डनं अडतीस वर्षं उत्तरेकडच्या एकाच खिडकीपाशी बसून रफू केलं. इंग्लंडातल्या हडर्सफील्डजवळच्या त्या लोकरीच्या गिरणीत मागावरून उतरलेला प्रत्येक ताका आधी रफूवाल्या बायकांकडे यायचा. तुटलेला धागा असा भरायचा की भिंगालाही सापडू नये, ही तिची विद्या. रविवारी चॅपलात ती त्याबद्दल देवाचे आभार मानायची, माणसांकडून तिला आभारांची अपेक्षा नव्हती.

गिरणीला शंभर वर्षं झाली, तेव्हा मालकांनी इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं. मॅनेजर क्लिफर्ड ब्रुकनं रफूच्या खोलीत येऊन त्यातलं एक पान वाचून दाखवलं. पदक मिळवलेलं निळं कापड म्हणे मागावरून निर्दोषच उतरलं होतं.

"असे माग असताना बारा बायका कशाला? सहा पुरेत. शनिवारी नावं सांगतो."

"त्या ताक्यात मी सतरा जागी धागा भरलाय," सेलिना म्हणाली.

"मग दाखव की. मला तर कधी एकही दिसला नाही."

"दिसला असता तर तुझ्या आईनं तेव्हाच माझ्या हातावर पट्टी मारली असती. तिनंच शिकवलंय मला, साहेब."

कुणीतरी खोकल्याच्या निमित्तानं हसलं. ब्रुकचे कान लाल झाले. त्यानं ताका मागवला, टेबलावर आपटला आणि भिंग घेऊन बराच वेळ शोधत राहिला.

"काही नाही. नुसत्या बढाया तुझ्या."

सेलिनानं कापड उलटं केलं, डोळे मिटले आणि तळवा फिरवला. वीतभर गेल्यावर बोट थांबलं. तिनं चिमट्यानं धागा धरला आणि सरळ ओढून काढला. पदकाच्या कापडात बोटभर फट पडली.

"वेडी झालीस? बुधवारी मालक पाहुण्यांना दाखवणार आहेत ते."

"एक झाला. सोळा राहिले." बोट पुढे सरकलं.

"थांब. हे भरून दे आधी."

"मागाला सांग. तो निर्दोष विणतो ना?"

ब्रुकनं आवाज खाली आणला. "काय हवंय तुला?"

"बाराही बायकांची टेबलं राहतील, असं लिहून दे. आणि पानावरचं ते निर्दोषचं वाक्य माझ्यादेखत खोड."

त्यानं वाक्य खोडलं, चिठ्ठी लिहिली, सही केली. "हे मी विसरणार नाही, सेलिना."

"नकोच विसरूस."

तिनं चिठ्ठी शेजारच्या व्हेरिटीला दिली. "मोठ्यानं वाच गं. बाराच म्हटलंय ना?"

व्हेरिटीनं दोनदा वाचली. मग सेलिनानं सुई ओवली.