नानांचं सूत्र आणि शेंगदाण्याची चटणी

छापलेल्या बातमीत दुसऱ्या दिवशी भजी बांधली जातात. न छापलेलं मात्र कुठंच जात नाही, आमच्या टोळक्यातच साचत राहतं. टोळकं म्हणजे कडेगावातले आम्ही चार-पाच पत्रकार आणि अड्डा म्हणजे सलीमभाईंचा छापखाना. लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही लोकशाही सांभाळतो. आमच्यात वडीलधारे नाना. त्यांचं साप्ताहिक दर शुक्रवारी निघतं. नाना आजारी असले तरी निघतं!

*

दर पत्रकार दिनाला वाळूवाले आबा आमचा सत्कार करतात. शाल, नारळ, वर जेवण. एका वर्षी आबा भाषणात रंगात आले.

"पत्रकारांनी कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई. बिनधास्त लिव्हायचं. फकस्त छापायच्या आधी मला एकदा दावायचं!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. काखेत नारळ असताना टाळ्या वाजवणं अवघड जातं, पण वाजवल्या. नाना तेवढे हात बांधून बसले होते. "थंडी वाजती," म्हणाले.

*

पुढं नानांनी छापलं, न दाखवता. आबांच्या पोकलेननं नदी खरवडली आणि काठच्या विहिरी आटल्या, अशी बातमी. सोबत पोकलेनचे फोटो, अगदी जवळून काढलेले.

हे फोटो यायचे एका स्टीलच्या डब्यातून. डब्यात शेंगदाण्याची चटणी, चटणीखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मेमरी कार्ड. कार्ड नाना ठेवून घेत, चटणी आमच्या दुपारच्या भाकरीला. मी एकदा विचारलं, "नाना, पाठवतंय कोण?"

"लसूण जरा जास्त घालतंय. ह्याच्या म्होरं इचारू नगंस."

*

आबांनी बदनामीची तक्रार दिली. नानांना ठाण्यात बोलावणं आलं. सोबत मी होतो. साहेब चांगले होते, चहा मागवला.

"नाना, बातमी कुणी दिली तेवढं नाव सांगा. विषय संपवून टाकू."

"साहेब, नाव सांगितलं की माणूस संपंल. विषय ऱ्हाऊ द्या की चालू!"

चहा पिऊन आम्ही उठलो. नाना हसत होते, पण मला मनातून भीती वाटत होती. नाव फुटलं असतं तर त्या माणसाची खैर नव्हती.

*

मग आम्ही कायदा शिकायचं ठरवलं. सांगलीहून एक वकील आणले. ते म्हणाले, पत्रकारावर हल्ला झाला तर त्यासाठी कायदा आहे. फक्त पुरावा पाहिजे, शक्यतो व्हिडिओ.

पाटणहून आलेला एक पत्रकार गडी उठला. "आवं वकीलसाहेब, मारायला येत्यात ते पयला कॅमेराच फोडत्यात!"

वकिलांनी ते लिहून घेतलं.

नानांनी विचारलं, "आन बातमी देणाऱ्याचं नाव सांगायची सक्ती करू नये, असा कायदा?"

"तसा स्पष्ट कायदा अजून नाही. व्हायला पाहिजे."

"तोवर काय करायचं?"

वकिलांनी घड्याळात पाहिलं. मग म्हणाले, "तोवर जेवून घेऊ."

*

असा कायदा करा, म्हणून आम्ही तहसीलदारांना निवेदन दिलं. निवेदन देताना फोटो काढायचा असतो, हे पत्रकाराला सांगावं लागत नाही. कागदाला सगळ्यांचे हात लागले पाहिजेत. कुणाचं डोकं कापलं गेलं, कुणाचे डोळे मिटले, चार वेळा फोटो काढावा लागला. मनासारखा आला तसे आम्ही बातमी द्यायला पळालो.

सगळ्या पेपरांत छापून आलं. सकाळी तहसीलदारांचा फोन!

"मी काल जे निवेदन स्वीकारलं, ते पाठवून देता का?"

कागद सलीमभाईंच्या पिशवीत होता.

*

गेल्या महिन्यात आबा स्वतःच छापखान्यात आले. दुपारची वेळ, आम्ही भाकऱ्या सोडून बसलेलो. आबा दारातूनच गरजले.

"नाना, शेवटचं सांगतोय. कोण हाय त्यो? आज मला नाव कळलं पायजे. पाय मोडून हातात देतो त्याचं!"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला.

सलीमभाईंची एक रीत आहे. जेवणाच्या वेळी दारात आलेला माणूस, भांडायला आलेला असला तरी, उपाशी जाऊ द्यायचा नाही.

"पाय मागनं मोडा, आबा. आधी दोन घास खावा," म्हणत त्यांनी ताटली पुढं केली. भाकरी, कांदा आणि हाताला लागला तो स्टीलचा डबा उघडून चमचाभर चटणी. नानांचा हात भाकरीवर तसाच थांबला.

आबांनी उभ्यानंच एक घास खाल्ला. मग दुसरा. मग गठ्ठ्यावर बसले. आवाज एकदम खाली आला.

"इहीर आटल्यापासनं आय माझ्यासंगं बोलत न्हाई, नाना. हाक मारली तर तोंड फिरवती. माझ्या ताटात वाढायचं बी सोडलंय तिनं."

आबांनी तिसरा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं, तिखटानं आलं असेल.

"आन ही चटणी... अशी चटणी साऱ्या पंचक्रोशीत फकस्त आमची आय करती!"

नानांनी डबा त्यांच्याकडं सरकवला.

"मग अजून घ्या की."