आडवी कापलेली पट्टी

नागपूर स्थानकावर गाडी सुटताना आईने विचारले होते, "सुधाकर काहून नाही आला गा तुले पोहचवाले?" काम असेल त्याला, असे मी म्हणालो. खरे असे की, गाडीची वेळ मी त्याला सांगितलीच नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोरून जाण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

खापरखेड्याच्या वसाहतीत आम्ही भिंतीला भिंत लावून वाढलो आणि पुढे नागपुरात एकाच प्रयोगशाळेत संशोधनाला लागलो. निरनिराळ्या अर्धवाहकांचे अतिपातळ थर एकावर एक चढवलेल्या चकतीत इलेक्ट्रॉन किती सहज धावतात, हे आम्ही मोजत असू. चकतीतून अरुंद पट्टी कापायची, तिला तारा जोडायच्या, तिच्या लांबीतून प्रवाह सोडायचा. सुधाकर डावखुरा. तो चकती आपल्या सोयीने फिरवून धरी, त्यामुळे त्याची पट्टी माझ्या पट्टीशी काटकोनात निघे. त्याचे आकडे नेहमी कमी येत. आमचे मार्गदर्शक सर सर्वांदेखत म्हणत, "डाव्या हातानं पूजा करून राहिला काय गा? मंग देव कसा पावन?" सगळे हसत. मीही हसे.

परदेशी संशोधनाची जागा आमच्यापैकी एकालाच मिळणार होती. एका दुपारी मी सहज त्याच्यासारखी आडवी पट्टी कापून पाहिली. माझेही आकडे घसरले. दोष हाताचा नव्हता. त्या थरांत इलेक्ट्रॉन एका दिशेने मोकळे धावत आणि दुसऱ्या दिशेने अडखळत. मी ती पट्टी कचऱ्यात टाकली. सरांनी सुधाकरला उपकरणापासून दूर केले, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो.

जर्मनीतल्या लॅबमध्ये चकतीची कड कोणत्या दिशेला आहे, हे मोजण्याआधीच पाहतात. कापणाऱ्याचा हात कोणी पाहत नाही. माझा तिथला पहिला पेपर याच दिशाभेदावर होता. सेमिनारमध्ये टाळ्या पडल्या. घरी येऊन मला जेवण गेले नाही. पुढे नागरिकत्व मिळाले, फ्लॅट झाला. पण घर म्हटले की ज्याला तोंड दाखवता येत नाही, तो माणूसच आठवे.

या हिवाळ्यात मी नागपुरात, रामदासपेठेत सुधाकरच्या शिकवणीवर्गाच्या दारात उभा राहिलो. त्याने बस म्हटले नाही.

"तुई माय गेली तवा विमान नाही भेटलं तुले. आता बरं भेटलं!"

मी सगळे सांगितले, त्या आडव्या पट्टीसकट. त्याचा चेहरा अधिकच कठोर झाला. बाहेर जाऊन बोलू, असे मी सुचवले.

"बाहेर काहून? माई इज्जत सगळ्यायसमोर काढली होती. सगळ्यायसमोरच बोल."

विद्यार्थी आमच्याकडे पाहत होते. त्याच्या डाव्या हातात खडू होता. तयार करून आणलेली शुद्ध वाक्ये मला एकही आठवेना.

"सुधाकर, तुया हातात खोट नव्हती. मले मालूम होतं, अन् मी चूप राहिलो. माफ कर गा मले."